बसऱ्याची इंग्रजी

“गेट म्हंजे ऊठ! ऊठ, ऊठ! किती डाव सांगू रे तुला?”

“काल तू बोल्ला, गेट म्हंजे आण!”

“कालचं कालच्याला गेलं. आज ऊठ हाय.”

“परवा बोल्ला, चढ!”

“चढ बी हाय, उतर बी हाय. डोस्कं नको खाऊ माझं. ऊठ म्हणलं की ऊठ!”

कापसाच्या जिनिंगात दुपारची सुट्टी झालेली. इंजनघरात बिरू तेलाची झारी हातात धरून उभा होता, आणि समोर उपड्या डब्यावर रशियन मिस्त्री हटून बसला होता. दाढी तांबडी आणि रागानं तोंड त्याहून तांबडं. दाराशी जिनवरच्या बाया भाकरी खात खात ही गंमत बघत होत्या. त्यातली झुंबरबाई म्हणाली, “ऊठ की रं बाबा, न्हाईतर मास्तर कोंबडा करंल.” सगळ्या फसकन हसल्या.

बिरूनं झारी दाणकन खाली ठेवली. “दात काय काढता? माणसाच्या जिवाचा सवाल हाय!”

बायांनी हसू आवरलं, कारण सवाल खरंच जिवाचा होता.

मिस्त्रीचं खरं नाव फ्योदर. जालन्यात ते कुणाच्या जिभेला वळेना, म्हणून पहिल्याच हंगामात त्याचा फेदूबा झाला. तिकडं त्याच्या मुलखात राजाला मारलं, राज्य पालटलं, आणि राजाच्या बाजूनं लढलेल्या त्याच्या भावाला भिंतीला उभा करून गोळ्या घातल्या. फेदूबा निसटला. इराणातून क्वेट्ट्याला, तिथून मुंबईला. मुंबईच्या एका दुकानानं जालन्याच्या या जिनिंगला तेलाचं इंजन विकलं, तेव्हा ते बसवायला म्हणून मालगाडीतून इंजनाबरोबरच आला, आणि राहिला. जवारीची भाकरी खायला शिकला, ठेचा खाऊन रडायला शिकला, आपली मराठी अन् इकडची दखनी उर्दू कालवून बोलायला लागला. इंजन मात्र असं ठेवायचा की शेजारच्या जिनिंगातली माणसं त्याचा आवाज ऐकायला यायची.

आणि मंग मुनीमजी बद्रीनाथ एक दिवस बातमी घेऊन आले. औरंगाबादेहून गोरा पोलीस साहेब येणार. निजामाच्या मुलखात जेवढे म्हणून रशियन असतील त्यांची चौकशी. इंग्रजाला धास्ती बसलीय, ही माणसं राजे मारायचं शिकवायला इकडं आली असतील.

“मुंबईला दोघांची झाली म्हणत्यात,” मुनीमजी म्हणाले. “एकाला इंग्रजी येत व्हती. त्याला राहू दिलं. दुसऱ्याला धरला आन् जहाजात घातला.”

“जहाज कुठे जाते?” फेदूबानं विचारलं.

“तुझ्या मुलखाला. आनखी कुठं?”

फेदूबा त्या दिवशी जेवला नाही. संध्याकाळी बिरूच्या खोपटापुढं येऊन उभा राहिला. “बिरूबा,” म्हणाला, “मला इंग्रजी दे.”

दुसरं कोण देणार होतं? मुनीमजीला उर्दू आणि मोडी यायची, इंग्रजीचं नाव नाही. स्टेशनमास्तरला यायची, पण रशियन म्हटल्यावर तो लांबूनच हात हलवायचा. राहिला बिरू.

बिरू घनसावंगीकडचा धनगर. पोरवयात मेंढरांमागं होता. मोठ्या लढाईच्या वेळी अंबडच्या बाजारात माणसं भरती करणारा एक जण भेटला, आणि घरी न सांगता हा गडी त्याच्यामागं गेला. थेट इराकात, बसऱ्याला. तिथं इंग्रजी फौजेची खेचरं हाकली. लढाई संपून परत आला तर मेंढरं रोगानं मेलेली, आई गेलेली, भाऊ मजुरीला लागलेला. मंग जालन्यात येऊन इंजनाला तेल पाजायला लागला. बसऱ्याहून त्यानं दोनच वस्तू आणल्या: एक बुटांचा जोड, जो पहिल्या पावसाळ्यात फाटला, आणि इंग्रजी. ती मात्र टिकली. जिनिंगात तो तिच्यावर भाव खायचा. कुणी बैलगाडी आडवी लावली की ओरडायचा, “गेट अवे!” गाडीवान दचकून हलायचा. बिरूची छाती दिवसभर फुगलेली.

त्याच्या इंग्रजीचा सगळा संसार या एका गेटवर चालला होता. गेट अप, ऊठ. गेट डाउन, उतर. गेट इन, आत हो. गेट वॉटर, पाणी आण. शिकवायची रीत त्यानं खेचरांचीच उचलली. शब्द बोलायचा, तेच करून घ्यायचं, चुकलं की पुन्हा. त्यामुळं जेवणाच्या सुट्टीत फेदूबा उठायचा, बसायचा, रांजणाकडं पळायचा, इंजनघरात शिरायचा आणि उन्हात निघायचा. एवढा दणकट माणूस, घामानं भिजून जायचा.

“वाईट भाषा,” तो धापा टाकत म्हणायचा. “आमच्याकडे उठायला एक शब्द. आणायला दुसरा. पोचायला दोन. पायी पोचला तर एक, गाडीने पोचला तर वेगळा.”

“आन् गाढवावर बसून पोचला तर?”

फेदूबानं खरंच विचार केला. “तो गाडीवाला.”

“आरं, आपल्यात बी हायच की एक शब्द धा कामाला. भूक लागती, ठेच लागती, डोळा लागतो. लगीन बी लागतं.”

“आग?”

“आग बी लागती. लगीन लागल्यावर.”

बिरूची बायको साखराबाई भाकरीचं गाठोडं सोडत होती. तिनं वर न बघता फडकं नवऱ्याच्या अंगावर फेकलं, आणि फेदूबा कितीतरी दिवसांनी हसला.

पण साखराबाईला एक गोष्ट खटकली होती. भाकरीवर पिठलं वाढता वाढता ती म्हणाली, “म्या एक इचारू का? त्यो सायेब आल्यावर बी फेदूबा असंच वसकन बोलणार का? कुत्र्याला हाकलल्यावानी?”

“इंग्रजी तशीच असती,” बिरू म्हणाला.

“सायेब लोक बायकापोरांशी बी तसंच बोलत असतील?”

“मी काय त्यांच्या घरात निजायला गेल्तो? फेदूबा, तू हिचं ऐकू नको. आवाज खणखणीत पाह्यजे. हळू बोललं की सायेबाला वाटतं ह्याच्या पोटात पाप हाय. छाती काढ. डोळ्यात बघ. आन् मार आवाज!”

“बिरूबा,” फेदूबानं विचारलं, “मेहेरबानीला काय बोलते?”

“कशाला?”

“मेहेरबानी. मेहेरबानी करून बसा. मेहेरबानी करून मला ठेवा.”

बिरूनं घास हातातच धरला. बसरा आठवलं. वाळू, खेचरांचा वास, तंबू, काठी घेऊन ओरडणारे साहेब. किती वर्षं तिथं काढली, आणि किती बोलले ते त्याच्याशी. हा शब्द कुठं असेल म्हणून त्यानं मनातल्या मनात सगळा तळ धुंडाळला.

“नसंल त्यांच्यात,” तो शेवटी म्हणाला.

“सगळ्यांत असते.”

“मला बोलले न्हाईत बाबा कधी. मंग न्हाईच म्हणायचं.” घास खाऊन झाल्यावर त्याला काहीतरी सुचलं, तोंड उजळलं. “थांब, एक गोड शब्द हाय. लई गोड. दिवसभर राबवून घेतलं की सांजच्याला सायेब म्हणायचा, डिसमिस! ते ऐकलं की जीव असा गार व्हायचा बघ. मंग जेवायचं, निजायचं, कुणी हात लावत नव्हतं. सगळं झाल्यावर निरोपाला तेवढं म्हण. सायेब खूश हुईल.”

“डिसमिस,” फेदूबा म्हणाला. हळूच, चव घेतल्यासारखा.

“जोरात.”

“डिसमिस!”

साहेब आला तो सोमवारी, मोटारीतून, बरोबर एक जमादार घेऊन. पेढीवर गादी उचलून खुर्च्या मांडल्या होत्या. बिरू खिडकीच्या गजाला धरून बाहेर उभा राहिला. साहेब अगदी पोरसवदा होता. नाकाचं कातडं उन्हानं सोललेलं. त्यानं टोपी काढली, मुनीमजींनी दिलेलं पाणी घेतलं आणि काहीतरी बोलला. बिरूनं कान दिले. ही इंग्रजी त्यानं कधी ऐकलीच नव्हती. हळू होती, मऊ होती. लांबच लांब वाक्यं होती, आणि त्यातला एक शब्द धरावा तोवर पुढचे दहा निघून जात होते. माणसानं माणसाशी बोलावं तसं बोलत होता तो.

फेदूबा धुतलेला सदरा घालून आत आला. दाढी विंचरलेली. छाती काढली, साहेबाच्या डोळ्यात बघितलं आणि पाहुण्याला मान द्यायचा म्हणून सगळी ताकद लावून ओरडला, “गेट इन! सिट डाउन! क्विक!”

जमादार दचकला. साहेब आधी हसला. त्यानं फेदूबालाच खुर्ची दाखवली आणि पुन्हा काहीतरी मऊ विचारलं.

फेदूबाला ओ की ठो कळलं नाही. पण गप्प बसलं तर पोटात पाप दिसेल. “गेट ऑन!” तो गरजला. “गेट ऑन! हरी अप!”

साहेबाचं हसू थोडं कमी झालं. मोडक्या उर्दूत तो म्हणाला, “हिंदुस्तानी बोलो. आसान है.”

खिडकीत बिरूनं गज आवळला. बोल रे, बोल, दखनी बोल, तुला येती. पण फेदूबानं मान हलवली. मुंबईत इंग्रजीवाला राहिला होता आणि दुसरा जहाजात गेला होता. तो अभिमानानं म्हणाला, “इंग्लिश!”

मंग जे झालं ते बघवेना. साहेब विचारायचा, फेदूबा हुकूम सोडायचा. कपाळावरून घाम गळत होता, आणि आवाज मात्र असा की बाहेरचे बैल कान टवकारत होते. शेवटी साहेबानं कागद मिटला. फेदूबाला वाटलं, संपलं, निभावलं. त्याचे डोळे भरून आले. तो उठला, साहेबाकडं बघून लहान पोरासारखा हसला आणि आपल्याजवळचा सगळ्यात गोड शब्द त्यानं दिला.

“डिसमिस!”

साहेब खुर्चीतून उठला. मंग त्यानं टोपी घातली आणि जमादाराला दोन वाक्यं सांगितली.

मुनीमजी बाहेर आले ते घाम पुसतच. “जमादार म्हणतो, ह्यो मिस्त्री न्हाई. ह्याला माणसांवर हुकूम सोडायची सवय हाय. तिकडच्या पलटणीत मोठा अंमलदार असला पाह्यजे, हितं नाव लपवून राह्यला. उद्या सकाळच्या गाडीनं मुंबई. तिथून जहाज.”

बिरू तसाच आत घुसला. तेलकट बंडी, उघडे पाय. टाचा जुळवून उभा राहिला.

“सायेब, त्याचा गुन्हा न्हाई. त्याला म्या शिकवलं. त्यो तुमाला मान देऊन राह्यल्ता.”

मुनीमजींनी भीत भीत ते उर्दूत सांगितलं. साहेबानं बिरूला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, “तुम को कौन सिखाया?”

“तुमीच, सायेब. बसऱ्याला. तुमी आमाला जसं बोलले, तसंच म्या त्याला दिलं. दुसरं आमच्या कानावर कधी आलंच न्हाई.”

मुनीमजी घाईनं पुढं झाले. “हुजूर,” ते म्हणाले, “तेलवाला है. धूप में दिमाग चल गया.”

बिरूला दखनी कळत होती. आपलं म्हणणं पोचलं नाही, हेही कळलं. आता थेट साहेबाशीच बोलावं म्हणून त्यानं तोंड उघडलं, आणि आत इंग्रजी चाचपली. ऊठ. हट. आण. पळ. बाहेर हो. माणसाला वाचवायला त्यातलं काहीच चालत नव्हतं. जमादारानं दंडाला धरून त्याला बाजूला केलं.

सकाळी जालन्याच्या स्टेशनावर गाडी लागली होती. फेदूबा खिडकीशी बसला होता, शेजारी शिपाई शेंगा फोडत होता. साखराबाईनं दिलेलं भाकरीचं गाठोडं बिरूनं खिडकीतून आत सरकवलं.

“इंजनाचा डावा पट्टा ढिला आहे,” फेदूबा म्हणाला. “बघ.”

“बघतो.”

“साखराबाईला बोल, मी बरा आहे.”

“बोलतो.” बिरू खाली बघत होता. “फेदूबा, म्या तुला...”

“तू दिला. तुझ्याकडे होता तो सगळा दिला.” फेदूबानं त्याला पुढं बोलू दिलं नाही. मंग त्यानंच विचारलं, “मुंबईत मोठा साहेब असेल. काय बोलू?”

बिरूनं विचार केला. “काईच बोलू नको. असे हात जोड नुसते.”

फेदूबानं हात जोडले. ताठ, सलाम ठोकल्यासारखे.

“आसं न्हाई. खांदे पाड. ढिल्ले सोड. बराबर.”

त्यानं पुन्हा जोडले. नखांत इंजनाचं काळं तसंच होतं. समोरच्या बाकावर बदनापूरला निघालेली एक म्हातारी होती. तिला वाटलं, नमस्कार तिलाच केला. तिनं मांडीवरची टोपली बाजूला ठेवली, पदर नीट केला आणि हात जोडले.

“राम राम, बाबा. कुठवर जायचं?”

फेदूबा तिच्याकडं बघत राहिला. हात काही खाली घेईना.

लांबून जिनिंगाचा भोंगा ऐकू आला. आज इंजन चालू करायला दुसरं कुणी नव्हतं.

“भोंगा झाला,” बिरू म्हणाला. “मी निघतो आता.”