मोटरीवरची पेटी

ओवे गावात देवळाच्या मागच्या अंगाला बाळूचा सुतारकामाचा कारखाना होता. बाळू गेल्यावर दीड वर्ष त्याची बायको मालू तो चालवत होती. फळ्या सपाट करायचं बिडाचं जुनं रंधा मशीन, एवढंच काय ते तिचं भांडवल. त्याची मोटर कायमची बंद पडली तेव्हा तिनं मला पनवेलहून बोलावलं. मी मशिनं दुरुस्त करतो, आणि बाळू कीर्तनात माझ्या शेजारी टाळ धरून उभा राहायचा.

"दत्तादादा, नीट बसवा," मालू म्हणाली. "सासूचं मन नाय ह्याच्यात. गव्हाण गावचा एक माणूस मशीन विकत मागतोय, दोनदा येऊन बघून गेला. सासू म्हणते, बाईच्या हाती हे टिकायचं नाय. एकदा बंद पडलं का देऊनच टाकील."

जुनी मोटर उघडी, ऐसपैस होती. नवी बंद अंगाची, मागच्या पंख्यानं हवा ओढून स्वतःच्या अंगावर घेणारी. मशीनच्या पोटात ती बसली खरी, पण पंख्याची जाळी मागच्या पत्र्याला जवळजवळ टेकली. मी पत्रा कापला, मोटर पुढे सरकवली, नवी भोकं पाडली आणि मागे चार बोटं जागा काढली. मालूला बजावलं, "इथं भुसा साचू द्यायचा नाही, फळी टेकवायची नाही. हवा कोंडली की मोटर गेली."

"रोज झाडीन," ती म्हणाली. झाडायचीही.

दोन महिने मशीन छान चाललं. खारघरच्या एका इमारतीच्या दारांचं काम मिळालं. पण रस्त्याच्या खोदकामामुळे दिवसा वीज सारखी जायची, म्हणून मालू संध्याकाळी मशीन चालवायची. तेवढ्यात देवळाचा उत्सव लागला, सात ते नऊ कीर्तन. बुवा गोड गळ्याचे. सुदाम्याचं आख्यान असं लावलं होतं की पोह्यांची पुरचुंडी आपल्याच काखेत आहे असं वाटावं. आणि ऐन त्या वेळी भिंतीपलीकडून रंधा घरघरायचा.

मालूला कुणी एक शब्द बोललं नाही. आवाज दाबायला हवा, असं बोललो मीच. दुसऱ्या दिवशी दुपारी प्लायची पेटी केली, आतून गोणपाट ठोकलं आणि मशीनचं पोट चारी बाजूंनी बंद केलं. आवाज मोटरीचा थोडा, पात्यांचाच जास्त, हे मला ठाऊक होतं. हवेचंही ठाऊक होतं. दोन तासांचा तर प्रश्न, म्हटलं. देवाच्या कामाला दोन तास मोटर सोसेल.

तिसऱ्या संध्याकाळी मालू देवळाच्या पायरीशी आली. "दादा, पेटीवर हात ठेववत नाय. वास पण येतोय."

टाळ वाजायला लागले होते. मी म्हणालो, "नवी मोटर आहे, तापणारच. चालू दे."

ती परत गेली. मी आत जाऊन बसलो, आणि खोटं कशाला सांगू, फार रंगलो त्या दिवशी. आरतीच्या आधी रंधा थांबला. मला वाटलं, शहाणी पोर, आरतीसाठी थांबली.

वाइंडिंगवाल्या रमेशनं मोटर उघडली तेव्हा आतली तार काळीठिक्कर. "पेटी कोणी ठोकली? जाळीवर भुशाचा थापा बसलाय," त्यानं विचारलं. मी म्हणालो, "तू तार भर." त्याला आठवडा लागणार होता. दारांचं काम दुसरीकडे गेलं. मालूनं विचारलं, "माजं काय चुकलं, दादा?" मी म्हणालो, "व्होल्टेज." सासूनं तेही मानलं नाही. आल्यागेल्याला सांगू लागली, सुनेनं मशीन जाळलं.

नवव्या दिवशी गव्हाणचा टेम्पो दाराशी लागल्याचं कळलं तेव्हा मी गेलो. मालू पात्यांवरचं तेल पुसत होती. मी तिला सगळं सांगितलं.

तिनं चिंधी खाली ठेवली नाही. "मना कशाला सांगता? आत म्हातारी बसलीय, तिला सांगा."

मालूची सासू, ठकीमावशी, ओसरीवर तांदूळ निवडत होती. मी तिच्यापुढे बसलो. म्हणालो, "मावशी, पेटी माझी. मालू सांगायला आली होती, मीच चालू दे म्हणालो. मोटर मी जाळली. मशीन देऊ नकोस."

म्हातारीनं माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले. "दत्ता, तू देवमानूस रे. माज्या सुनंसाठी आपल्या अंगावर घेतोस. कीर्तनाला बसनारा मानूस वेगलाच." आणि दाराकडे वळून म्हणाली, "ऐकलंस गो? लोकांना तुज्यासाठी खोटं बोलावं लागतंय."

"खोटं नाही मावशी. आईची आण घेतो."

"घेऊ नको, बाबा. असल्यासाठी आईची आण घेऊ नको."

मी पुन्हा सांगितलं. जाळी, भुसा, हवा, सगळं. ती मान डोलवत राहिली, आख्यान ऐकावं तशी.

दारात मालू उभी होती. "झालं ना सांगून?" ती म्हणाली. "आता चला. ते लोक खोळंबलेत, बिडाचं धूड चौघांना उचलत नाय. तुमी एक बाजू धरा."

मी उठलो आणि एक बाजू धरली.