शंभराला अडतीस

प्रोसेसर हातात घेण्याआधी निषाद साबणाने हात धुवायचा, बोटं कोरडी करायचा आणि मगच ती बिस्किटाएवढी चीप कडेने धरून उचलायचा. बायकोवर हात उचलताना त्याला एवढी शिस्त लागत नसे. तेव्हा जे सापडेल ते चालायचं. पट्टा, हँगर, एकदा तर कीबोर्ड. त्या कीबोर्डची दोन बटणं निखळली, तर त्याबद्दल मृण्मयीला वेगळा मार बसला होता.

पुण्याजवळ भूगावात विठ्ठलरावांच्या बंगल्याचा वरचा मजला त्या दोघांनी भाड्याने घेतला होता. निषाद मूळचा नांदेडचा, हिंजवडीत नोकरीला, आणि सुट्टीच्या दिवशी यूट्यूबवर मोठा तज्ज्ञ. डेस्कटॉपचा प्रोसेसर आणि त्याच नावाचा लॅपटॉपचा प्रोसेसर शेजारी शेजारी पळवायचे आणि कोण किती मार्क पाडतो ते दाखवायचं, हा त्याच्या चॅनेलचा धंदा. 'सर, किती शांतपणे समजावता तुम्ही!' असं कोणीतरी व्हिडिओखाली लिहायचं. ते वाचताना मृण्मयीचा हात नकळत बरगडीवर जायचा.

ती स्वतः घरांची चित्रं करायची. कोळवणकडे शहरातल्या लोकांनी जमिनी घेऊन फार्महाऊस बांधायचा सपाटा लावला होता. पाया खणायच्या आधीच आपल्या ओसरीवर संध्याकाळचं ऊन कसं पडेल, हे त्यांना कॉम्प्युटरवर बघायचं असे, आणि मृण्मयी ते हुबेहूब करून द्यायची. या कामाला दणकट मशीन लागतं. ते निषादने तिला जोडून दिलं होतं, काळा, काचेच्या भिंतीचा, हलवायचा तर दोन माणसं लागतील असा टॉवर. "तुझं काम याच्याशिवाय होणार नाही," तो म्हणायचा, "आणि हा काही तुझ्या पिशवीत मावणार नाही." वर हसायचा. त्या हसण्यातली गोम कळायला तिला बराच काळ गेला. टॉवर हलत नव्हता म्हणून ती हलत नव्हती.

शेवटी तिने स्वतःच्या कमाईतून एक लॅपटॉप घेतला. 'गिऱ्हाइकांना साईटवर दाखवायला' असं सांगितलं. तो घरात आल्या आल्या निषादने ताब्यात घेतला. आधी टेस्ट, मग वापर, हा त्याचा नियम. दोन्हींत एकाच नावाचा प्रोसेसर, मग व्हिडिओला आणखी काय हवं?

तो ऑफिसला गेल्यावर मृण्मयीने आपली टेस्ट आपणच घेतली. तेच फार्महाऊस दोन्हींवर लावलं. टॉवरवर चहा उकळून, तो पिऊन होईपर्यंत चित्र तयार झालं. लॅपटॉपवर त्यापुढे कप विसळून, कणीक भिजवेपर्यंत वेळ गेला. निषादच्याच रीतीने तिने हिशेब मांडला. टॉवरचे शंभर धरले तर लॅपटॉपचे पासष्ट, चार्जर काढला की त्याहून बरेच खाली. पासष्टात भागेल, ती स्वतःशी म्हणाली. जास्त वेळ बसू, एखादं काम उशिरा देऊ, पण पोट भरेल. तिला इतका आनंद झाला की ओट्याशी उभ्या उभ्या तिचे डोळे भरून आले.

आता निघायला फक्त एक दिवस निवडायचा होता. आणि तिथेच तिने चूक केली. रविवारी सकाळी निषाद केस कापायला चांदणी चौकात गेला, तेव्हा शेवटची खात्री म्हणून तिने लॅपटॉपवर एक मोठं चित्र चालवलं. तो यायच्या आधी सगळं जागच्या जागी ठेवलं. वायर त्याच्या पद्धतीने गुंडाळली, झाकण त्याच कोनात ठेवलं. पण चीप थंड व्हायला वेळ लागतो, आणि टेस्टआधी मशीन थंडगार पाहिजे हा निषादचा पहिला धडा. आल्या आल्या त्याने तापलेल्या पोराच्या पाठीवर ठेवावा तसा लॅपटॉपच्या पाठीवर तळहात ठेवला.

"हे गरम कसं?"

"खिडकीतून ऊन येत होतं."

त्याने लॅपटॉप उघडला. कोळवणचं फार्महाऊस समोर आलं, खाली चित्राला लागलेला वेळ. मग त्याने टॉवर बघितला. तिथेही तेच घर, तिथेही वेळ. त्याने खुर्ची मृण्मयीकडे वळवली.

"तू तुलना करतेस?" तो हळू आवाजात म्हणाला. "तू? घरात एवढा टॉवर असताना लॅपटॉपवर काम होतं का ते बघतेस? कुठे निघालीस?"

उत्तराची त्याने वाट पाहिली नाही. पहिल्या थपडेने तिचा डावा कान बधिर झाला. दुसरीने ती टेबलाच्या कोपऱ्यावर गेली आणि भुवईवरून गरम रक्त डोळ्यात उतरलं. ती खाली बसली तशी त्याने लाथ घातली, आधी बरगडीत, मग मांडीवर, मग पुन्हा त्याच बरगडीत, नेम धरून. मध्येच थांबून त्याने लॅपटॉप पंख्याखाली धरला आणि तो थंड झाल्यावर दोन्ही मशीनवर मोठी टेस्ट लावली. खिडकीचे पडदे ओढून कॅमेराही लावला. माणूस असा की रागातसुद्धा कामाचा क्रम चुकायचा नाही.

खणातून हातोडा काढून त्याने टेबलावर ठेवला. "टेस्ट संपू दे. मग या लॅपटॉपवर हा चालवतो. व्हिडिओचा शेवट झकास होईल."

मृण्मयी फरशीवरून दोन्ही पडद्यांकडे बघत राहिली. टेस्ट किती झाली ते दाखवणाऱ्या पट्ट्या पुढे सरकत होत्या. टॉवरची अर्ध्यावर गेली होती, लॅपटॉपची मागे रेंगाळत होती. आयुष्यात पहिल्यांदाच तिला वाटलं की मशीन आणखी मंद असायला हवं होतं. ती टेबलाचा पाय धरून उठायला गेली, तेव्हा त्याने तिच्या बोटांवर बूट ठेवला आणि दाबला. ती किंचाळली. अशी ती याआधी कधी किंचाळली नव्हती.

आणि लाईट गेली.

हेही नेहमीचंच होतं. त्या घरात ऐन मारहाणीत लाईट जायची. निषाद वायरिंगला शिव्या घालायचा, विठ्ठलराव "वायरमनला सांगतो" म्हणायचे आणि विसरायचे. लाईट गेली की टॉवरचा यूपीएस ठणाणा बोंबलायला लागे. जेमतेम मशीन नीट बंद करण्यापुरता त्याचा जोर. निषाद मृण्मयीला सोडून तिकडे धावला.

लॅपटॉप मात्र चालूच होता. अंधारल्या खोलीत तेवढा एकच पडदा उजळ. मृण्मयीने तो उघडाच छातीशी धरला, चार्जर भिंतीतून उपटला आणि बाहेरच्या जिन्याने धावत सुटली.

मधल्या वळणावर त्याने तिची वेणी पकडली. मान मागे झटकली गेली, पाय पायरीवरून सुटला. एका हातात लॅपटॉप, दुसऱ्या हातात वायर आणि तिच्या टोकाला लोंबणारा चार्जरचा ठोकळा. 'हा चार्जर आहे की वीट?' म्हणत निषाद दर व्हिडिओत याचे मार्क कापायचा. मृण्मयीने वायर मनगटाला वेढली आणि ती वीट गरकन फिरवून मागे हाणली. ती त्याच्या गालफडावर बसली. वेणी सुटली नाही. तिने पुन्हा हाणली आणि दात तुटल्याचा आवाज तिला चांगल्या कानाने स्पष्ट ऐकू आला. वेणी सुटली, तो गुडघ्यांवर आला. तिसरा घाव तिने त्यानंतर घातला. त्याची काही गरज नव्हती. तो तिला घालायचा होता म्हणून तिने घातला.

खाली मीटरच्या पेटीपाशी घरमालकीण शारदाकाकू उभ्या होत्या. त्यांचा हात वरच्या मजल्याच्या बटणावर होता. मागे त्यांच्या स्वयंपाकघरात पंखा व्यवस्थित फिरत होता.

"काकू, तुम्ही?"

"मग कोण? दर बारीला मीच घालवते. लाईट गेली की त्यो तुला सोडून त्या डब्याकडं पळतोय, ह्ये मला पैल्याच महिन्यात कळलं. दुसरं काय जमत न्हवतं बघ मला." काकूंनी तिला दंडाला धरलं. "आत ये, पोरी."

विठ्ठलराव बनियनवर बाहेर आले. "अगं, लोकांच्या संसारात आपण..."

"तुमी गप ऱ्हावा! तिचं त्वांड बघा आन् मग बोला."

त्यांनी बघितलं. मग दाराआडची काठी घेतली आणि जिन्याच्या तळाशी जाऊन उभे राहिले. वरून निषाद तोंडातलं रक्त थुंकत ओरडत होता, "माझी टेस्ट गेली! सगळी टेस्ट गेली!"

"पायरी उतरू नका, साहेब," विठ्ठलराव म्हणाले. "उतरलात तर मला काय सुधरायचं न्हाई."

काकूंनी ओल्या फडक्याने मृण्मयीची भुवई दाबून धरली. तिने चार्जर प्लगला लावला. ठोकळ्याला आडवी भेग गेली होती, त्यावरचा दिवा लागला नाही. पण ओट्यावर पीठ-मिठाच्या डब्यांमध्ये ठेवलेल्या लॅपटॉपची पट्टी अजून सरकत होती, नुसत्या बॅटरीवर, धापा टाकत. दोघी तिच्याकडे बघत बसल्या. पट्टी एकदाची टोकाला पोहोचली आणि आकडा आला. टॉवरचे मार्क मृण्मयीला तोंडपाठ होते. तिने मनातच भागाकार केला.

"किती पडलं?" काकूंनी विचारलं.

"शंभराला अडतीस."

"मग पास हाय की," काकू म्हणाल्या. "पस्तीसला पास करत्यात. चल, फडकं धर भुवईला, पौडला पोलिसांत जाऊन तक्रार देऊ."

मृण्मयीने झाकण मिटलं आणि लॅपटॉप काकूंच्या बाजाराच्या पिशवीत घातला. तो व्यवस्थित मावला.