पोटात राहिलेलं जांभळं रेशीम

मी एक जुनी, पायाने चालवायची शिलाई मशीन आहे, मित्रांनो, आणि सध्या माझ्यावर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग असतो. जिने अख्ख्या गल्लीच्या अंगावर कपडे चढवले, तिची अशी फळी करून टाकावी, हे तुम्हाला तरी पटतं का?

माझा जन्म कारखान्यातला. काळं लोखंडी अंग, त्यावर सोनेरी वेलबुट्टी, खाली पायडल आणि मोठं चाक. एका आईने मला आपल्या मुलीला दिलं. त्या मुलीला पुढे सगळी गल्ली टाकेबाई म्हणू लागली. हात इतका साफ, की कपडा उलटा करून बघितला तरी शिवण सरळ! नवरा लवकर गेला, तेव्हा माझ्याच जिवावर तिने एकुलत्या एक मुलाला वाढवलं. माझे काय लाड असायचे म्हणून सांगू! दर आठवड्याला माझं डोकं मागे उलटून ती पोटात तेल सोडायची.

पुढे सून आली. मोठी हौशी पोर. सासूशेजारी बसून काजं करायला शिकली, मग माझ्यावर हात बसवू लागली. पायडल मारताना गुणगुणायची. मला ती फार आवडायची, खोटं कशाला बोलू?

घात केला तो टाकेबाईच्या डोळ्यांनी. तिला दिसेनासं होऊ लागलं होतं. सुईत दोरा ओवायला ती सुनेला सांगायची आणि वर म्हणायची, तुला सवय व्हावी म्हणून हो. दिसत नाही हे कबूल केलं तर कामही जाणार आणि नावही जाणार, या धास्तीने ती आतल्या आत खंगत होती. अशात गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंनी ब्लाऊजसाठी जांभळं रेशीम आणून दिलं. टाकेबाईची कात्री नको तिथे चालली, आणि शिवण निघाली ती पार नागमोडी. तेवढ्यात सुनेची चाहूल लागली. टाकेबाईने घाईघाईने माझं डोकं उलटलं, तो चोळामोळा माझ्या पोटात कोंबला आणि मला पुन्हा बसवलं. नंतर काढून टाकावा म्हटलं, तर घर कधी रिकामं सापडेना.

डॉक्टरीणबाई ब्लाऊज न्यायला आल्या, तेव्हा टाकेबाई म्हणाली, "इथेच ठेवलं होतं कापड. घरात तर आम्हीच तिघं."

नाव कुणाचंच घेतलं नाही. पण मुलाने बायकोला सगळ्यांदेखत ट्रंक उघडायला लावली. ट्रंकेत काही नव्हतं, तरी माहेरी पोचवलं असेल अशी कुजबुज गल्लीभर झाली. माझा जीव तुटत होता, पण लोखंडाला कुठलं तोंड! त्या दिवसापासून सून माझ्यापुढे बसली नाही. टाकेबाईचे डोळे पुरते गेले, माझं तेल बंद झालं, पट्टा सैल पडला आणि मला कोपऱ्यात ढकललं. आता तर सुनेचेही केस पिकायला लागलेत.

आज सकाळी मुलाने मला विकायचं काढलं. घेणारा म्हणे, चालत असेल तरच नेतो. म्हणून सूनच तेलाची बाटली घेऊन आली. तिने माझं डोकं उलटलं, तशा गंजलेल्या बिजागऱ्या कुरकुरल्या. तो आवाज ऐकून पलंगावरची टाकेबाई धडपडत उठून बसली.

"नको उघडूस," ती म्हणाली.

उशीर झाला होता. रेशीम सुनेच्या हातात आलं होतं. तिने शिवण पाहिली आणि सगळं तिच्या ध्यानात आलं. तिने कापड सासूच्या मांडीवर ठेवलं. म्हातारीची बोटं त्या नागमोडीवरून फिरली आणि मधेच थांबली.

"तेव्हाच मला हाक मारायची होती, आई," सून म्हणाली. "मी काहीतरी करून सांभाळून घेतलं असतं."

दारात उभा असलेला मुलगा, जुनी गोष्ट आहे, जाऊ दे, असं काहीतरी पुटपुटला. सुनेने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

टाकेबाई पुष्कळ रडली. मग पाय खाली सोडून चपला चाचपू लागली. "मला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन चल. मी माझ्या तोंडाने सांगते, तू चोर नव्हतीस म्हणून."

"त्या गेल्या, आई. दोन वर्षं झाली. शेवटपर्यंत मी समोर दिसले की पर्स काखेत धरायच्या."

मित्रांनो, घरातल्या जुन्या मशीनला अधूनमधून तेल घालत जा. इतक्या वर्षांत कुणी एकदा जरी माझं डोकं उलटलं असतं, तर त्या पोरीचं आयुष्य असं मान खाली घालून गेलं नसतं. घरातल्या कुणाचा हात सुईशी चाचपडताना दिसला, तर त्याला लाज वाटणार नाही अशा बेताने विचारा. आणि चूक झालीच, तर ऐकणारं माणूस आहे तोवर सांगून टाका.

टाकेबाई अजून पलंगाच्या काठावर बसून आहे, एका पायात चप्पल घालून, आणि कुणाकडे जाऊन सांगावं हे तिला कळत नाही.