गहव्याचा पहिला पेला

सौदीतल्या जुबैलच्या आमच्या डायलिसिस वॉर्डात सुई कुठल्या नर्सनं टोचायची हे पेशंटच ठरवतात, आणि उम्म झयान ही म्हातारी सहा वर्षं माझंच नाव घ्यायची. सुई लागली की तिची सून थर्मासमधून गहवा, म्हणजे इथली अरबी कॉफी, ओतायची. पहिला पेला माझा. एकदा मीच ओतायला गेले, तर म्हातारीनं माझा हात हसून बाजूला सारला. ओतायचं ते घरातल्या धाकट्यानं, पाहुण्यानं नुसतं प्यायचं, ही इथली रीत. केवढा मान वाटला होता मला.

मग चिपळूणची दर्शना आली. ड्युटी संपली तरी ही बया पेशंटच्या उशाशीच. उम्म झयानच्या शेळ्यांची नावंसुद्धा हिला पाठ. नव्याचे नऊ दिवस, असं मी सगळ्यांना सांगत सुटले. वर्ष उलटलं तरी हिचा उत्साह काही ओसरेना. सुपरवायझर तिचं कौतुक करायची तेव्हा मी मान डोलवायचे आणि आतून जळायचे. काम मीही चोख करते. पण कामावर अशी हसत मी शेवटची कधी आले होते, ते आठवेना.

एके सकाळी उम्म झयाननं सुईसाठी दर्शनाचं नाव घेतलं. हिची सुई चुकू दे, असं मी मनापासून मागितलं.

आणि चुकली. एकदा नाही, दोनदा. म्हातारीचा हात सुजायला लागला. दर्शना रडवेली होऊन माझ्याकडे आली, "अलकाताई, तुम्ही टोचता का?"

गेले. जरा सावकाशच गेले, खोटं कशाला बोलू? शीर चाचपली आणि पहिल्याच खेपेला सुई आत. हाताला गुण असावा लागतो, नुसतं हसून भागत नाही, असंही ऐकवलं. दर्शनानं मान खाली घातली.

त्या दिवशी सून आली नव्हती. थर्मास ड्रायव्हरनं आणून ठेवला होता. उम्म झयाननं माझ्याकडे बघून छातीवर हात ठेवला, आभार मानले. मग त्याच हातानं दर्शनाचं मनगट धरून तिला जवळ ओढलं.

"यल्ला, पोरी, ओत. अलकाला आधी दे."

दर्शनानं डोळे पुसले. थर्मास डाव्या हातात, पेला उजव्या हातात, अगदी म्हातारीच्या सुनेसारखा धरला, आणि पहिला पेला माझ्यापुढे केला.

मी पाहुणीसारखी बसून तो प्यायले.