पलीकडची तांबडी टाकी

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. समुद्राकाठच्या रस्त्यावर, कठड्याला लागून रोवलेल्या लोखंडी खांबावर मी उभी आहे. घडवणाऱ्या कारागिराने माझ्या काचा घासताना श्वाससुद्धा जपून सोडला होता. त्या काचांनी कधी खोटे दाखवले नाही, असा माझा तोरा होता. आज तो सांगतानाही मला ओशाळल्यासारखे होते.

माझा राखणदार रोज सकाळी माझे झाकण काढायचा, मऊ फडक्याने काच पुसायचा. जहाजे बघायला मुलांची झुंबड उडे. "मोठी गुणाची आहे हो," असे तो सर्वांना सांगे आणि मी फुलून जाई.

गर्दी व्हायच्या आत एक मावशी येत. त्यांचे माहेर समुद्रापलीकडे होते. तिथल्या पाण्याच्या तांबड्या टाकीवर त्यांचे वडील कामाला होते. तिकडे जाणारी बोट केव्हाच बंद झाली होती. पृथ्वी गोल असल्यामुळे तो किनारा पाण्याच्या फुगवट्याआड दडलेला असतो. कितीही डोळे ताणा, दिसत नाही. हे ठाऊक असूनही मावशी मला त्याच दिशेला वळवत. वेड्या मायेला काय म्हणायचे!

एकदा मात्र नवल घडले. थंडी सरत आली होती. समुद्र अजून गार होता, म्हणून पाण्यालगतची हवाही गार होती, आणि जमिनीवरून आलेली उबदार हवा तिच्यावर पसरली. खालची हवा दाट, वरची विरळ. अशा थरांतून जाताना प्रकाश खाली वाकतो. तो पलीकडून निघाला, पृथ्वीच्या गोलाईवरून वळला आणि थेट माझ्या काचेत आला. मावशी ओरडल्याच, "अहो, बाबांची टाकी! शिडीसकट दिसतेय!" राखणदार येईपर्यंत हवा ढवळली गेली आणि उरले नुसते पाणी.

मावशींचा मुलगा चष्म्यांचा दुकानदार. त्याने आईचे डोळे पुन्हा पुन्हा तपासले. डोळे ठणठणीत! मग बिघाड डोक्यातच असणार, असे त्याने ठरवून टाकले. प्रकाश वाकवण्यावरच ज्याचे पोट, त्यालाच हे सुचू नये! दिव्याखाली अंधार, दुसरे काय?

"काका, आईला आता दुर्बिणीला हात लावू देऊ नका," तो राखणदाराला म्हणाला. "तिला नाही म्हणायला माझी जीभ रेटत नाही. बिघडली म्हणून सांगा."

झाले! माझ्यावर झाकण चढले आणि गळ्यात 'बिघडली आहे' अशी पाटी आली. दुसऱ्या दिवशी मावशींनी ती वाचली, माझ्या खांबावर हात ठेवला आणि हळूच म्हणाल्या, "तू पण का गं?" मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. त्यांची साक्षीदार मी एकटी, आणि माझ्याच गळ्यातली पाटी त्यांना खोटे ठरवत होती. मावशी यायच्या बंद झाल्या. घरीही त्या टाकीचे नाव काढत नाहीत, असे राखणदार हळहळून कुणाकुणाला सांगे.

मग एका सकाळी रस्त्यावर एकच गलका उठला. पलीकडचा किनारा नुसत्या डोळ्यांना दिसत होता! राखणदाराने घाईघाईने माझे झाकण काढले. रांगेत तो दुकानदारही होता. त्याने माझ्या काचेला डोळा लावला. तांबडी टाकी! तसाच धावत जाऊन तो आईला घेऊन आला. पण तोवर पुन्हा पाणीच पाणी.

"आई, मला दिसली गं टाकी," तो मान खाली घालून म्हणाला. "चुकलो मी."

"शिडी दिसली?"

"शिडी... नाही दिसली."

"मग नीट कुठे पाहिलंस?" मावशी म्हणाल्या. माझ्या गळ्यातली पाटी काढून त्यांनी त्याच्या हातात दिली.

आता मायलेक दोघेही येतात. तो शिडी शोधतो, त्या हसतात.

मित्रांनो, खाऱ्या वाऱ्याने माझे स्क्रू गंजत चालले आहेत. त्यांना तेल द्या, काच मऊ फडक्यानेच पुसा. पण त्याहून एक मागणे मोठे आहे. कुणाच्या गळ्यात बिघडल्याची पाटी अडकवण्याआधी, एकदा लवकर उठून त्याच्या जागी उभे राहा आणि बघा. माझी पाटी निघाली खरी, पण तिच्या दोरीचा वळ माझ्या मानेवर अजून आहे.