कंसातला बोंबल्या

नाव हीच माणसाची खरी कमाई, असं अनंता गायकर यांचं ठाम मत होतं. बदलापूरजवळच्या त्यांच्या गावात ही कमाई त्यांच्यासकट पाच अनंता गायकरांनी केली होती. म्हणून तिथे पत्रिका छापताना नावापुढे कंसात टोपणनाव घालायची रीत. यांचं होतं 'बोंबल्या'.

आता लग्न लेकीचं होतं. उल्हासनगरात, कॅम्प पाचला, हरेशच्या छापखान्यात पत्रिकेचा नमुना हातात आला आणि उन्नतीने कंसावर बोट ठेवलं.

"बाबा, हे काढा. सोहमचे वडील अंबरनाथला कंपनीत ऑफिसर होते. बोंबल्याच्या घरात मुलगा देतील ते?"

"मुलगा ते कुठं देतात? मुलगी मी देतोय."

"टोपण म्हणजे झाकण, बाबा. खरं नाव झाकायला असतं ते."

"बाटलीचं टोपण काय झाकायला असतं गो? आतलं सांडू नये म्हणून असतं!" अनंतांचा आवाज असा चढला, की छापखान्याचं यंत्र कुजबुजतंय असं वाटावं. "नदी चढली तवा तुझा पणजा दारोदार बोंबलत फिरला. सगळा गाव टेकडीवर गेला. कोंबडीसुद्धा बुडाली नाय. त्या दिवशी गावानं आपल्या घराला ठेवलेलं नाव हाय ते. सांडू देऊ?"

उन्नतीने कंसावरचं बोट उचललं नाही.

"आणि त्या घड्याळ्या अनंताचं आठव. पोरानं लाजून कंस काढला. हळदीला अर्धे पाहुणे आपल्या अंगणात येऊन बसले. मटण कधी वाढताय, विचारत होते!"

त्या पाहुण्यांना पाणी उन्नतीनेच दिलं होतं. तिला हसू फुटलं.

"साईं, रखूँ या निकालूँ?" हरेश कंटाळला होता. "दूसरे ऑर्डर भी पडे हैं."

"रखो," उन्नती म्हणाली. "और टाइप थोडा बडा करो. पणजोबा आहेत आमचे."

अनंतांनी हरेशकडे असं पाहिलं, जणू टेकडीवर गाव त्यांनीच चढवला होता.

हळदीला एकही पाहुणा चुकला नाही. अनंता मांडवाच्या तोंडाशी उभे राहून येईल त्याला ऐकवत होते, "नावाचा प्रताप!"

पाहुणे उन्नतीने मोबाइलवर पाठवलेलं लोकेशन लावून आले होते. पत्रिकेचं पाकीट बहुतेकांनी फोडलंच नव्हतं.