पोकुआमायच्या पाहुण्यांची वही

ओळखलंत का मला? कसं ओळखणार म्हणा! मी एक वही. निळ्या पुठ्ठ्याची, कोटाच्या खिशात मावेल एवढी. कुमासी शहरात पोकुआमायच्या पाहुणेघरात माझं सगळं आयुष्य गेलं. आज जे सांगणार आहे ते सहा वर्षं माझ्या पोटात होतं. मला तोंड असतं तर एवढं वाटोळं झालं नसतं हो!

जन्माचं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते बाजारातलं दुकान. मायने मला उचललं, नाकाशी धरलं आणि दुकानदाराला म्हणाली, "ओल लागलेली दिसते रे हिला." तो म्हणाला, "माय, सकाळी सकाळी असं नको ना बोलू, अजून भवानी व्हायचीय." हुज्जत घालून शेवटी तिने मला घेतलंच.

मायच्या चार खोल्या. उतरायला येणारे सगळे कामाची माणसं. कुणी औषधं विकणारा, कुणी शाळा तपासणारी, कुणी मोबाइलचे मनोरे दुरुस्त करणारा. दिवसभर काम करायचे आणि चार वाजता परत येऊन पलंगावर छताकडे बघत बसायचे. मायला ते बघवेना. "एवढं मोठं शहर बाहेर पसरलंय आणि हे पंखा मोजतायत!" म्हणून तिने माझ्यात लिहायला घेतलं.

काय झकास लिहायची! "रस्ता विचारण्याआधी समोरच्याची खुशाली विचार. नाही विचारलीस तर पत्ता मिळेल, पण चुकीचा." "डाव्या हाताने काही देऊ-घेऊ नको, तुझ्या आईचा उद्धार होईल." "ट्रोट्रोत, त्या खचाखच भरलेल्या भाड्याच्या गाडीत, दाराशी बसू नको, दर थांब्याला उतरून दुसऱ्यांना वाट द्यावी लागेल." "कुणी म्हणालं, हे काय, इथेच आहे, तर आधी पाण्याची पिशवी विकत घे आणि मगच चालायला लाग."

पण माझ्यात एक खोट होती. कुठेही जायचं असो, वाट एकाच ठिकाणावरून जायची. विजेच्या रोहित्रासमोर, कडुलिंबाखाली, हिरवी टपरी. तिथे वाआचे खायचं, म्हणजे चवळी घालून शिजवलेला भात, वर झणझणीत चटणी. खाल्ल्याशिवाय पुढे जायचं नाही.

फुसेनी नावाचा पाहुणा तर एकदा वैतागलाच. हा उत्तरेकडच्या तमाले शहराचा, वजनकाटे तपासायला दर तीन महिन्यांनी यायचा. म्हणाला, "माय, मला प्राणिसंग्रहालय बघायचं होतं. तुझ्या वहीने मला शहराच्या दुसऱ्या टोकाला नेऊन भात खायला घातला!"

"मग? उपाशीपोटी सिंह बघणार होतास?"

"अगं, पण पोचेपर्यंत फाटक बंद झालं ना!"

"सिंह उद्याही तिथेच असेल. ते सोड. अंडं अख्खं होतं की अर्धं?"

ती टपरी मायच्या मुलीची होती. बिरागो तिचं नाव. एकुलती एक. मायला पसंत नसलेल्या एका ट्रकवाल्याशी तिने लग्न केलं आणि माय भडकली. भर अंगणात, चार शेजारी बघत असताना, आपल्या मेलेल्या बापाचं नाव घेऊन तिने शपथ घेतली. "तुझ्या दारात पाय ठेवणार नाही. तुझं नाव तोंडाने घेणार नाही. जो कुणी तुझं नाव या घरात काढेल, त्याला या घरात जागा नाही."

आमच्याकडे शपथ म्हणजे पोरखेळ नाही. ती मोडायची तर वडीलधारी बसवावी लागतात, मेंढा द्यावा लागतो, आणि त्याआधी कुणीतरी एकाने नमतं घ्यावं लागतं. माय सहा महिन्यांतच पस्तावली होती. मला माहीत आहे, लिहिता लिहिता ती थांबायची. "तिच्याकडून एक खूण येऊ दे," असं स्वतःशीच पुटपुटायची. "एकच. त्याच दिवशी वडीलधाऱ्यांना बोलावते." लिहिणार नाही अशी शपथ तिने घेतली नव्हती ना! म्हणून ती पाहुण्यांना लिहून लिहून तिकडे पाठवायची.

फुसेनी पहिल्यांदा गेला तेव्हा मी त्याच्या खिशात होते. पान उघडून त्याने टपरीवालीपुढे धरलं. "हीच का हो ती जागा?"

बिरागोने अक्षर बघितलं. तिचा हात पातेल्यातच राहिला. मग तिने ओल्या हाताने मला नुसता स्पर्श केला, तो डाग अजून आहे. फुसेनीचं खाणं झाल्यावर तिने पानात बांधलेलं दुसरं एक पुडकं त्याच्या हातात ठेवलं. "हेही न्या," एवढंच म्हणाली. आईसाठी आहे असं कसं सांगणार? पाहुण्याने घरी जाऊन लेकीचं नाव काढलं तर त्याचं बिऱ्हाड रस्त्यावर यायचं. पण पुडक्याला तिने आडवी दुहेरी गाठ मारली होती. ती गाठ तिला मायने शिकवलेली. बघताक्षणी आई ओळखेल, असं तिला वाटलं.

आणि इथेच घात झाला.

आमच्या बाजारात वरचं मागायची रीत आहे. टोमॅटो घ्या, मासळी घ्या, विकणारी वर थोडं घालतेच. नाही घातलं तर तिला कंजूष म्हणतात. फुसेनीला वाटलं, हे वरचं. खोलीत येऊन, पलंगावर बसून त्याने ते पुडकं सोडलं. आत केळं कुस्करून केलेला एतो होता, तांबडं तेल घातलेला, मऊ लुसलुशीत, मधोमध सोललेलं अंडं. आमच्याकडे रुसवा संपला, आजार हटला, वाढदिवस आला की एतो करतात. एखाद्याला परत आपलं म्हणायचं जेवण आहे ते. त्याने चार घासांत संपवलं आणि बोटं माझ्या पुठ्ठ्याला पुसली. भिंतीपलीकडे माय कपडे वाळत घालत होती.

मी ओरडले हो! पण वहीचं ओरडणं कुणाला ऐकू जातं?

मग हे नेहमीचंच झालं. जो पाहुणा जाईल त्याला बिरागो पुडकं द्यायची आणि प्रत्येक जण ते वाटेत नाहीतर खोलीत खाऊन टाकायचा. वाईट नव्हतं त्यांच्यात कुणी. सकाळी माय विचारायची, "कशी होती टपरीवाली? बरी दिसत होती ना? हडकलीबिडकली नाही ना?" पाहुणे म्हणायचे, "छान आहे, मोठ्या मनाची बाई आहे. वरचंसुद्धा देते." मायचा चेहरा फुलायचा. "देते ना? शिकवण आहे ती," म्हणायची. मग हळूच, "आणखी काही म्हणाली?" "नाही माय." ती भांडी उचलून आत जायची.

तिकडे बिरागो वाट बघायची. एवढी पुडकी गेली, आईने एक शब्द धाडला नाही. इकडे माय वाट बघायची. एवढी माणसं धाडली, लेकीने एक खूण पाठवली नाही. आणि मी दोघींच्या मध्ये, खिशातून जा-ये करणारी. फार फार वाईट असतं असं सगळं ठाऊक असणं.

गेल्या वर्षी मायचे उरलेले दातही पडले. मग एका मंगळवारी, फरशी पुसता पुसता ती कलंडली. दवाखान्यात दोन दिवस होती. तिसऱ्या दिवशी घरी परतली ती नुसती बातमी.

आठव्या दिवशी अंगणात दुखवट्याचा मांडव घातला. फुसेनी नेमका कामासाठी आला होता, तोही येऊन बसला. मला एका टेबलावर ठेवलं होतं, मायच्या फोटोशेजारी. बिरागो आली. काळी-तांबडी वस्त्रं, डोळे सुजलेले. आजोबांच्या नावाची शपथ आता कुणाला अडवणार होती? तिने फुसेनीला ओळखलं आणि सरळ त्याच्यापुढे येऊन उभी राहिली.

"दादा, तुम्ही यायचात ना माझ्याकडे? मी द्यायची ते पुडकं... आई खायची का?"

ती मायची मुलगी आहे हे फुसेनीला तेव्हा कळलं. तिला बरं वाटावं म्हणून म्हणाला, "खायची. सगळं खायची."

"सगळं?" बिरागोचा आवाज फाटला. "सहा वर्षं माझ्या हातचा एतो खाल्ला आणि एकदाही मला बोलावलं नाही? इतका राग होता तिच्या मनात?"

आता त्याला गप्प बसवेना. मोठा बाप्या माणूस, पण ढसाढसा रडायला लागला. "नाही गं बाई. तिला कधी मिळालंच नाही. मी खाल्लं. आम्ही सगळ्यांनी खाल्लं. मला वाटलं, वरचं आहे."

ती शिव्या देईल, मारेल असं मला वाटलं. तिने फक्त विचारलं, "मऊ असायचा ना? नीट कुस्करलेला?"

"असायचा."

"आईला तसाच लागायचा," ती म्हणाली, आणि तिथेच जमिनीवर बसली.

आता मी हिरव्या टपरीत असते, तिखटाच्या डब्यामागे. बिरागो माझ्यात काही लिहीत नाही. गिऱ्हाईक नसलं की पानं उलटते आणि प्रत्येक वाट तिच्याच दाराशी येते हे वाचत बसते. कधी कधी मोठ्याने वाचते. फुसेनी आता येत नाही. त्याच्या जागी दुसरा माणूस येतो म्हणे.

माझी पानं आता सुटत चालली आहेत, फार दिवस राहिले नाहीत. मायने शहर फिरणाऱ्यांसाठी खूप काही लिहिलं, त्यात ही एक गोष्ट राहून गेली, ती मी सांगते. कामासाठी परक्या गावी जाल. कुणी तुमच्या हातात न मागता काही ठेवेल. गाठ सोडण्याआधी एवढं विचारा, "हे कुणासाठी?" लाजू नका. फार तर ती हसेल आणि म्हणेल, अहो, तुमच्यासाठीच. मग खुशाल खा. पण विचारा हो. माझ्या मायला सहा वर्षांत एक घास मिळाला नाही.